आधी दिवे वाचा, मग हात घाला: सर्व्हरचे कनेक्टर आणि इंडिकेटर ओळखायची रीत

ठाणे-बेलापूर रोडला, ऐरोलीपासून महापेपर्यंत, जुन्या कारखान्यांच्या शेजारी आता डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या आहेत. डिप्लोमा किंवा आयटीआय करून आलेली बरीच मुलं-मुली तिथे रिमोट हँड्सच्या शिफ्टला लागतात. ग्राहक पुण्यात नाहीतर बंगळुरूत बसलेला असतो आणि रॅकसमोर तुम्ही उभे असता. फोनवर एका वाक्यात सूचना येते, "डिस्क गेलीय, बदलून टाका." या एका वाक्यात मशीन कोणतं, खण कोणता आणि डिस्क खरंच गेली आहे का, यातलं काहीच नसतं.

दोन पॉवर सप्लाय आणि रेडमधल्या, म्हणजे एक गेली तरी डेटा टिकावा अशा गटात जोडलेल्या, डिस्क असलेल्या सर्व्हरमध्ये एखादा भाग गेला तरी मशीन चालूच राहतं. खरा धोका त्यानंतरचा असतो: गेलेला भाग जागेवर राहतो आणि शेजारचा चांगला भाग बाहेर ओढला जातो. त्यामुळे पुढे जे क्रमाने सांगतो आहे त्याचा सगळा रोख एकाच गोष्टीवर आहे. कोणत्या भागाला हात लावायचा याची खात्री पटेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. नौपाड्यातल्या पतपेढीत किंवा वागळे इस्टेटमधल्या छोट्या ऑफिसात एकच टॉवर सर्व्हर सांभाळणाऱ्यांनाही हेच लागू आहे. तिथे तर चूक झाल्यावर धावून येणारं दुसरं कुणी नसतं.

मशीन तेच आहे ना?

रॅकमधली उंची यू या एककात, खालून वर मोजतात. एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर, आणि ४२ यूच्या रॅकमध्ये एकसारखे दिसणारे वीस सर्व्हर सहज असतात. टिकिटात, म्हणजे कामाच्या नोंदीत, लिहिलेला यू नंबर हा अंदाज समजा. पुरावा म्हणजे सर्व्हिस टॅग किंवा सिरीयल नंबर. डेल आणि एचपीईच्या रॅक सर्व्हरला पुढच्या बाजूला एक छोटी पट्टी बाहेर ओढता येते, तिच्यावर तो छापलेला असतो. फोनवरच्या माणसाकडून नंबर आधी वदवून घ्या आणि मग पट्टीशी ताडून बघा. तुम्ही वाचून दाखवलात की समोरचा घाईत "हो, हो" म्हणून मोकळा होतो.

त्यानंतर ओळखीचा दिवा लावायला सांगा. बहुतेक सर्व्हरवर पुढे आणि मागे निळा यूआयडी दिवा असतो, आणि आयड्रॅक (डेल), आयएलओ (एचपीई) किंवा आयपीएमआय या दुरून सर्व्हर सांभाळायच्या सोयींमधून तो पेटवता येतो. मागच्या हॉट आइलमध्ये (गरम हवेच्या बोळात) सगळ्या पाठी सारख्याच दिसतात, तिथे हा दिवा फार उपयोगी पडतो. एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. आयपीएमआयटूलमधून वेळ न सांगता ओळखीची आज्ञा दिली, तर दिवा साधारण १५ सेकंदच लागतो. तेवढ्यात वळसा घालून मागे पोचणं होत नाही. "बंद करा म्हणेपर्यंत चालू ठेवा" असं आधीच सांगून ठेवा.

एकच रंग, प्रत्येक कंपनीत वेगळा

हिरवा म्हणजे ठीक, अंबर (पिवळसर-नारिंगी) म्हणजे लक्ष द्या, लाल म्हणजे गंभीर, निळा म्हणजे ओळख. हा सर्वसाधारण संकेत आहे आणि नवीन माणूस इथेच फसतो, कारण कंपनीगणिक त्याला अपवाद आहेत.

डेल पॉवरएजच्या अलीकडच्या पिढ्यांत पुढच्या पॅनेलवरचा स्थिर निळा दिवा म्हणजे मशीन चालू आहे आणि ठणठणीत आहे. तोच निळा लुकलुकत असेल तर कुणीतरी ओळखीचा दिवा लावला आहे. अंबर लुकलुकत असेल तर बिघाड आहे. शेजारी डिस्क, तापमान, वीज, मेमरी आणि पीसीआयई (जादा कार्डं) यांची छोटी चिन्हं असतात; ज्यात बिघाड आहे ते चिन्ह अंबर होतं. वेळ वाचवणारा पॅनेल आहे हा. आधी तो बघा.

एचपीईच्या प्रोलायंटवर मात्र पॉवर बटणाचा स्थिर अंबर म्हणजे बिघाड नाही, मशीन स्टँडबायमध्ये आहे एवढंच. तब्येत वेगळ्या हेल्थ दिव्यावर कळते. स्थिर हिरवा म्हणजे सगळं ठीक, लुकलुकणारा हिरवा म्हणजे आयएलओ पुन्हा सुरू होतोय, लुकलुकणारा अंबर म्हणजे काहीतरी अर्धवट चालतंय आणि लुकलुकणारा लाल म्हणजे गंभीर. पॉवर, हेल्थ, नेटवर्क आणि यूआयडी हे चारही दिवे एकाच वेळी लुकलुकायला लागले तर तो पॉवर फॉल्ट आहे. अशा वेळी पॉवर बटण दाबत बसू नका.

सुपरमायक्रोच्या बऱ्याच मशीनवर माहितीचा एकच दिवा असतो आणि तो वेगातून बोलतो. स्थिर लाल म्हणजे तापमान वाढलंय. सेकंदाला एकदा लुकलुकणारा लाल म्हणजे पंखा गेलाय. चार सेकंदांतून एकदा लुकलुकला तर पॉवरचा बिघाड. घड्याळ न बघता "लाल लागतोय" एवढंच सांगितलंत, तर पलीकडचा माणूस पंखा पाठवायचा की पॉवर सप्लाय, हे ठरवूच शकत नाही.

म्हणून दिवा बघितल्यावर तीन गोष्टी लिहा: रंग, स्थिर की लुकलुकता, आणि दहा सेकंदांत किती वेळा. मोबाइलला परवानगी असेल तर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. हिरव्या-लालमधला फरक नीट दिसत नसेल तर शिफ्टवरच्या दुसऱ्याला बोलवायला अजिबात संकोच करू नका. अंबर आणि हिरव्यातला फरक चांगल्या डोळ्यांनाही कोल्ड आइलच्या (पुढच्या थंड बोळाच्या) पांढऱ्या उजेडात कधीकधी चकवतो.

वीज: मागची बाजू

पॉवर सप्लायवरचं तीन पिनांचं तोंड बहुतेक वेळा सी१४ असतं आणि त्यात सी१३ टोकाची केबल बसते. तिची आंतरराष्ट्रीय क्षमता १० अँपिअर. मोठ्या पॉवर सप्लायला, विशेषतः जीपीयू सर्व्हरना, सी२० तोंड आणि सी१९ केबल असते, ती १६ अँपिअरची. दोन्हींचा आकारच वेगळा आहे, त्यामुळे एकाच्या जागी दुसरी बसत नाही. ऑफिसातल्या टॉवरच्या केबलला दुसऱ्या टोकाला आपला नेहमीचा ६ अँपिअरचा प्लग असतो. २३० व्होल्टला तिथे १३८० वॉट ही मर्यादा झाली. त्याच एक्स्टेंशन बोर्डवर लेझर प्रिंटर लावू नका.

डेटा सेंटरच्या रॅकमध्ये ए आणि बी असे विजेचे दोन फीड येतात. ते ओळखायला दोन रंगांच्या केबली वापरतात, पण रंगावर भरवसा ठेवू नका. केबल बोटाने धरून थेट पीडीयूपर्यंत (रॅकमधल्या वीज वाटणाऱ्या पट्टीपर्यंत) जा. दोन्ही केबली एकाच पीडीयूत गेलेल्या सापडतात. तसं असेल तर दोन पॉवर सप्लाय असूनही त्या मशीनला आधार एकाच फीडचा आहे.

सप्लाय बदलताना आधी न गेलेल्याचा दिवा बघा. तो स्थिर हिरवा असेल तरच पुढे जा. लेनोवोच्या सप्लायवर इनपुट, आउटपुट आणि एरर असे वेगळे दिवे असतात. इनपुटच बंद असेल तर बहुधा सप्लाय गेलेला नसून केबल, पीडीयू किंवा ब्रेकर बघायचा आहे. अंबर दिवा दिसला की लगेच नवा सप्लाय मागवू नका. केबल दोन्ही टोकांना घट्ट दाबून बघा, मग दुसऱ्या चालू आउटलेटवर लावून बघा. नवा सप्लाय जुन्याच वॉटेजचा आणि त्याच मॉडेलचा हवा. जोडी जुळली नाही तर डेलच्या सप्लायचा दिवा काही वेळा हिरवा लुकलुकून बंद होतो. बसवल्यावर मशीनला तो ओळखायला पंधरा-वीस सेकंद द्या. तेवढ्यात पुन्हा ओढू नका.

वीज नव्याने जोडल्यावर मॅनेजमेंट कंट्रोलर (आयड्रॅक, आयएलओ वगैरे) उठायलाही एक-दोन मिनिटं लागतात. या वेळात लुकलुकणारे दिवे बिघाडाचे नसतात.

डिस्क: सगळ्यात जास्त चुका इथे होतात

पुण्याहून ग्राहकाचा फोन येतो, "तीन नंबरची डिस्क काढा."

"सर, शून्यापासून मोजून तीन, की एकपासून?"

हा प्रश्न विचारल्याशिवाय कॅडीच्या, म्हणजे डिस्कच्या ट्रेच्या, खटक्याला बोट लावायचं नाही. डेलमध्ये खणांची मोजणी शून्यापासून सुरू होते, एचपीईत एकपासून. सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये दिसणारी अक्षरं किंवा आकडे हे खणांचे नंबर नसतातच. रीबूटनंतर ते बदलूही शकतात. त्यामुळे ग्राहकाने रेड कंट्रोलरमधून खण नंबर आणि डिस्कचा सिरीयल नंबर, दोन्ही द्यायला हवेत.

मग डिस्कचा स्वतःचा ओळख-दिवा लावायला सांगा. या लुकलुकण्याचा ढाचा एसएफएफ-८४८९ या प्रमाणात ठरवलेला आहे: ओळख म्हणजे सेकंदाला चारदा, रिबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं) म्हणजे सेकंदाला एकदा, बिघाड म्हणजे स्थिर. पण सगळ्या कंपन्या हा ढाचा पाळत नाहीत. डेलच्या डिस्कवर सेकंदाला चारदा लुकलुकणारा अंबर हाच बिघाडाचा इशारा आहे, तर ओळखीसाठी हिरवा सेकंदाला दोनदा लुकलुकतो. हिरवा, अंबर, मग बंद असा क्रम फिरत असेल तर डिस्क लवकरच जाणार असा कंट्रोलरचा अंदाज आहे. ती अजून कामात आहे. सावकाश लुकलुकणारा हिरवा म्हणजे रिबिल्ड चालू आहे. तीन सेकंद हिरवा, तीन सेकंद अंबर आणि सहा सेकंद बंद, असं दिसलं तर रिबिल्ड थांबलं आहे. डिस्क रेड कंट्रोलरऐवजी साध्या एएचसीआय पद्धतीने जोडलेली असेल तर हा स्थितीचा दिवा लागतच नाही. बंद दिवा म्हणजे मेलेली डिस्क असा अर्थ तिथे लावू नका.

एचपीईच्या स्मार्ट कॅडीवर एक पांढरा दिवा आहे आणि इतर कंपन्यांनी तो आणावा असं मला मनापासून वाटतं. तो लागला असेल तर ही डिस्क काढल्यास लॉजिकल ड्राइव्ह (डिस्कच्या गटातून बनलेला ड्राइव्ह) कोसळेल, असा त्याचा अर्थ. फोनवर कुणी कितीही वरच्या हुद्द्यावरचा माणूस "काढा" म्हणत असला तरी पांढरा दिवा लागलेली डिस्क काढायची नाही. त्यांना दिव्याबद्दल सांगा आणि लेखी उत्तर येईपर्यंत थांबा. या कॅडीवर स्थिर अंबर म्हणजे डिस्क गेली, आणि हिरवा-अंबर आलटून पालटून म्हणजे ती कामात आहे पण जायच्या बेतात आहे.

गेलेल्या डिस्कचा ओळख-दिवा लागतच नसेल तर उलट बाजूने या. ग्राहकाला शेजारच्या दोन्ही चांगल्या डिस्कचे दिवे लावायला सांगा. मधली न लागलेली ती तुमची.

आता प्रत्यक्ष काढणं. खटका दाबा, हँडल उघडा आणि डिस्क दोन-तीन सेंटिमीटर बाहेर घेऊन थांबा. फिरती हार्ड डिस्क असेल तर आतली तबकडी थांबायला साधारण अर्धं मिनिट द्या, मगच पूर्ण बाहेर काढा. लेबलवरचा सिरीयल नंबर फोनवर वाचा. जुळला नाही तर पुढे काहीच करू नका आणि लगेच ग्राहकाला सांगा. रेड ५ मध्ये एक डिस्क आधीच गेलेली असताना दुसरी निघाली की डिस्कचा सगळा गट म्हणजे अ‍ॅरे पडतो. रेड ६ दोनपर्यंत तग धरतं.

नवी डिस्क घेताना कनेक्टर बघा. साटा आणि सास हे डिस्क जोडायचे दोन प्रकार. साटाच्या डिस्कमध्ये डेटाचा ७ पिनांचा आणि विजेचा १५ पिनांचा भाग असतो आणि मध्ये रिकामी खाच असते. सासमध्ये ती खाच भरलेली असते. त्यामुळे साटा डिस्क सासच्या बॅकप्लेनवर (खणांमागच्या जोडणीच्या पट्टीवर) बसते, पण सास डिस्क साटाच्या कनेक्टरमध्ये जात नाही. बसत नसेल तर जोर लावू नका. यू.२ कनेक्टरची एनव्हीएमई ही तिसऱ्या प्रकारची डिस्क दिसायला जवळपास तशीच, खणातही बसते. पण बॅकप्लेन फक्त सासचा असेल तर दिवाही लागत नाही आणि डिस्कही दिसत नाही. अशा वेळी डिस्क खराब समजून परत पाठवली जाते आणि दोन दिवस वाया जातात.

नेटवर्कची तोंडं

मागे चार-पाच आरजे४५ तोंडं एका रांगेत असतात आणि त्यातलं एक मॅनेजमेंटचं असतं. डेलवर त्याला पान्ह्याचं चिन्ह, एचपीईवर आयएलओ असं लिहिलेलं, सुपरमायक्रोवर ते बऱ्याचदा यूएसबी तोंडांच्या वरती. त्यात डेटाची केबल गेली तर दिवा छान हिरवा लागतो आणि सर्व्हर नेटवर्कवर मात्र दिसत नाही.

आरजे४५च्या दोन दिव्यांपैकी एक जोडणी आणि हालचाल दाखवतो, दुसरा वेग. कोणता रंग कोणत्या वेगाचा, हे कार्डाच्या कंपनीवर आहे. एकीकडे अंबर म्हणजे १ गिगाबिट, दुसरीकडे तोच कमी वेगाचा इशारा. अंबर बघून केबल बदलायला निघू नका. वेग ऑपरेटिंग सिस्टिममधून विचारून घ्या.

फायबरच्या तोंडांत एसएफपी प्लस १० गिगाबिटचं, एसएफपी२८ हे २५चं. दोन्ही दिसायला सारखी. क्यूएसएफपी२८ रुंद असतं, १०० गिगाबिटचं. पिवळ्या आवरणाची केबल सिंगलमोड, फिकट निळसर-हिरवी मल्टिमोडची ओएम३. मल्टिमोडच्या एसआर मॉड्यूलला (तोंडात बसणाऱ्या, प्रकाश पाठवणाऱ्या भागाला) पिवळी केबल लावली की दिवा लागत नाही आणि माणूस मॉड्यूलवर संशय घेतो. १० गिगाबिटला एसआर मॉड्यूल ओएम३वर ३०० मीटर जातं, एलआर सिंगलमोडवर १० किलोमीटर.

जोडणीचा दिवा लागत नसेल तर हा क्रम: मॉड्यूल खट्ट आवाज येईपर्यंत आत गेलं का, केबलचा प्रकार मॉड्यूलशी जुळतो का, एलसी कनेक्टरच्या दोन तारा उलट्या तर नाहीत ना. एका टोकाचं पाठवणारं दुसऱ्या टोकाच्या घेणाऱ्याला भिडायला हवं. उलट असतील तर एकाच टोकाला अदलाबदल करा. मग टोकं क्लीनर पेनने पुसा. बोटाचा किंवा शर्टाचा स्पर्श झाला तर तेल आणि धूळ लागतेच. एवढं करूनही दिवा बंद राहिला तर वेग किंवा एफईसीची (चुका दुरुस्त करण्याची) सेटिंग दोन्ही बाजूंना जुळत नसेल, आणि ते काम स्विच सांभाळणाऱ्याचं. फायबरच्या टोकात डोळा लावून कधीच बघू नका. ८५० आणि १३१० नॅनोमीटरचा लेझर दिसण्यासारखा नसतो, डोळ्याला इजा मात्र करू शकतो.

झाकण उघडल्यावर

पंखे आणि काही पीसीआयई कार्डं सोडली तर आतल्या बाकी कामांसाठी दोन्ही पॉवर केबली काढायच्या. त्याआधी दिव्यांची नोंद आणि मॅनेजमेंटमधला लॉग उतरवून घ्या. वीज गेली की दिव्यांवरचा पुरावा जातो. केबली काढल्यावर पॉवर बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला चार्ज निघून जातो. मनगटाचा स्टॅटिक पट्टा घाला, पावसाळ्यात दमट हवेत गरज वाटली नाही तरी. एसी हॉल कोरडाच असतो.

पावसाळ्याचीच आणखी एक गोष्ट. थंडगार गाडीतून किंवा स्टोअरमधून आणलेला सुटा भाग लोडिंग बेच्या दमट हवेत उघडला की त्यावर दव धरतं. बंद पिशवीतच तासभर ठेवून मग उघडा. ऑफिसात रात्री एसी बंद ठेवतात तिथे मेमरीच्या सोनेरी पट्ट्यांवर काळसर थर येतो. मेमरीची तक्रार आल्यावर काडी काढून, पट्टी पुसून पुन्हा बसवल्याने कित्येकदा काम भागतं. पुन्हा बसवताना दोन्ही बाजूंचे खटके आपोआप बंद झाले पाहिजेत.

आतल्या जाड पांढऱ्या-काळ्या प्लगांत दोन आठ पिनांचे प्लग नवख्याला सारखे दिसतात. प्रोसेसरच्या ईपीएसमध्ये चार तारा १२ व्होल्टच्या आणि चार ग्राउंडच्या असतात, पीसीआयईच्या आठ पिनांत तीन १२ व्होल्टच्या आणि पाच ग्राउंडच्या, त्याही उलट बाजूला. पिनांची टोकं चौकोनी-गोलाकार वेगवेगळी केलेली असतात ती यासाठीच. अडतंय तिथे रेटू नका.

असेंबल केलेल्या टॉवरमध्ये याहून वाईट सापळा आहे. मॉड्युलर पॉवर सप्लायच्या केबली सप्लायच्या टोकाला एकसारख्या नसतात. एका कंपनीची केबल दुसऱ्या कंपनीच्या सप्लायला बसते, पण पिनांवरचे व्होल्टेज वेगळे असतात आणि मशीन चालू करताच सगळ्या डिस्क एकदम जळू शकतात. सप्लाय बदलला की त्याच्याच डब्यातल्या केबली वापरा. जुन्या नीट बांधलेल्या आहेत म्हणून त्या ठेवायचा मोह होतोच, पण सोडा.

सासच्या केबलींत एसएफएफ-८०८७ जुनी, एसएफएफ-८६४३ नंतरची आणि बारीक, एसएफएफ-८६४४ तिचंच बाहेरच्या पेटीसाठीचं रूप. एका टोकाला चार साटा असलेली फाटा केबल दोन दिशांची मिळते: कंट्रोलरकडून डिस्ककडे जाणारी, आणि मदरबोर्डच्या चार साटांकडून बॅकप्लेनकडे येणारी. दिसायला एकच. उलटी घेतलीत तर एकही डिस्क दिसत नाही. विकत घेताना दिशा बोलून घ्या.

चार पिनांच्या पंख्याच्या प्लगमध्ये ग्राउंड, १२ व्होल्ट, वेग सांगणारी आणि वेग बदलणारी अशा तारा असतात. तिसरी सुटली तर पंखा फिरत असूनही दिवा बिघाड दाखवतो. सगळेच पंखे कर्कश फिरत असतील तर मात्र पंख्यांकडे नंतर बघा. कंट्रोलर अडकला आहे का, झाकण आणि प्लॅस्टिकचा हवा वळवणारा भाग जागेवर आहे का, नवं अनोळखी कार्ड बसवलंय का, हे आधी तपासा. मशीनची तारीख दर वेळी मागे जात असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदला.

लॉगशी ताडून बघा, मग टिकीट बंद करा

मॅनेजमेंटच्या सिस्टिम इव्हेंट लॉगमध्ये सेन्सरचं नाव आणि वेळ असते. "मेमरी ए३, दुरुस्त होणाऱ्या चुका मर्यादेबाहेर" अशी नोंद आणि पॅनेलवरचं मेमरीचं चिन्ह जुळलं तरच काडी बदला. वेळ मात्र कोणत्या घड्याळाची हे बघा. बऱ्याच मशीनवर ती यूटीसीत (जागतिक वेळेत) असते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री दोनच्या घटनेची नोंद तुम्हाला आदल्या दिवशी रात्री साडेआठला दिसेल.

काम झाल्यावर बिघाडाचा दिवा गेला का बघा. गेला नसेल तर काही मशीनवर लॉग पुसल्याशिवाय तो जात नाही. पुसायचाच असेल तर लॉगची प्रत ग्राहकाकडे पोचल्यावर. यूआयडी दिवा बंद करा, नाहीतर पुढच्या शिफ्टला त्याच रॅकमध्ये दोन निळे दिवे दिसतील.

डिस्क बदलली असेल तर रिबिल्ड सुरू झालं एवढ्यावर थांबू नका. मोठ्या डिस्कला ते कित्येक तास चालतं आणि त्या काळात अ‍ॅरे अशक्तच असतो. शिफ्ट देताना वहीत सर्व्हिस टॅग, खण नंबर, काढलेल्या आणि घातलेल्या डिस्कचे सिरीयल नंबर आणि त्या क्षणाची रिबिल्डची टक्केवारी लिहा. घेणाऱ्याला रॅकसमोर नेऊन ती डिस्क बोटाने दाखवा. काढलेल्या डिस्कवर "बिघाड" असं लेबल चिकटवून ती कुलपात ठेवा. कंपनीला परत द्यायची की नष्ट करायची, हे ग्राहकाकडून लेखी आल्याशिवाय ती इमारतीबाहेर जाऊ द्यायची नाही.